तीस वर्षांनंतरचं पाणी

इंदूबाई वानखडे सरपंच झाली तेव्हा तिनं गावाला एकच शब्द दिला होता. ज्यांच्याकडे घर बांधायला जागा नाही, त्यांना माळावर जागा मिळवून देईन. नाल्या, दिवे, रस्ते यांबद्दल ती काही बोलली नव्हती, कारण त्यातलं आपल्याला किती कळतं याची तिलाच खात्री नव्हती.

टेंभुरखेडी हे वलगावच्या अलीकडचं गाव. गावची मेथी आणि वांगी सकाळी अमरावतीच्या बाजारात उतरतात आणि कॉलेजची पोरं संध्याकाळी गाडीवर घरी परततात, इतकं जवळ. गावाच्या उगवतीला ई-क्लासचा माळ आहे, म्हणजे सरकारी जमीन, मुरमाड, कोणाच्याच सातबाऱ्यावर नसलेली. गुरं तिथं चरायची, उन्हाळ्यात बाया मिरच्या वाळत घालायच्या. त्या माळावर घरकुलं बसावीत म्हणून इंदूबाईनं तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या होत्या आणि मंजुरी आता येते, मग येते, अशा बेताला आली होती.

तिचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरींचं पाणी खारट. डाळ शिजता शिजत नसे आणि पाहुण्यापुढं तांब्या ठेवताना बायांना ओशाळं वाटे. लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा तिच्या वडिलांनी मुलाची शेती किती हे विचारायच्या आधी टेंभुरखेडीला येऊन नुसतं पाणी पिऊन पाहिलं. पाणी गोड होतं. देवराव नावाचा तो मुलगा फारसा बोलत नव्हता, पण तांब्या दुसऱ्यांदा भरून त्यानंच आणला. लग्न जमलं. पुढं इंदूबाईनं पुष्कळ वर्षं शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवली, मुलाला, संघपालला, शिकवलं, आणि सरपंचाची जागा बाईसाठी राखीव झाली तेव्हा विहारात जमणाऱ्या बायांनी तिचं नाव पुढं केलं. ती निवडून आली याचं सगळ्यांत जास्त नवल तिलाच वाटलं होतं.

त्या सकाळी भाजीची टोपली डोक्यावर तशीच ठेवून बेबीताई तिच्या अंगणात आली. बेबीताई म्हणजे गावच्या भाजीवाल्या मळ्यांतली कर्ती बाई आणि पंचायतीची सदस्यही.

"इंदूबाई, माळावर कोनी तरी काठी गाडली. लाल-पांढरी. तीन पायाची दुर्बीन घेऊन लोकं पायून राहिले. तुले मालूम हाय का?"

इंदूबाईला मालूम नव्हतं. ती चप्पल घालून बेबीताईबरोबर निघाली.

माळाच्या माथ्यावर एक तरुण बाई टोपी घालून उभी होती. नाव रश्मी, पाणीपुरवठ्याची इंजिनीअर. सरपंच आल्या म्हटल्यावर तिनं नमस्कार केला आणि गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. अमरावती वाढते आहे, ती म्हणाली, आणि पुढच्या तीस वर्षांचं पाणी आत्ताच ठरवायचं आहे. मोर्शीकडच्या धरणातून आणखी एक मोठी पाइपलाइन येणार, आणि शहराच्या या बाजूला एक उंच टाकी बांधावी लागणार. आसपासच्या गावांत सगळ्यांत उंच जागा म्हणजे हा माळ.

इंदूबाई नकाशाकडं पाहत राहिली. तिला वलगाव सापडलं, रस्ता सापडला, पण टेंभुरखेडी सापडेना. जिथं गाव असायला हवं तिथं सगळा पिवळा रंग होता.

"आमचं गाव कुठी हाय यात?"

"हे पिवळं आहे ना, त्यात," रश्मी म्हणाली. "तीस वर्षांनंतर शहर इथपर्यंत येईल, असा अंदाज आहे. पिवळं म्हणजे तेव्हाची वस्ती."

"म्हंजे टाकीचं पानी आमालेबी भेटन."

"भेटेल. पण दुसऱ्या टप्प्यात. तुमच्या गावाची विहिरीवरची नळयोजना आत्ताच झाली आहे. एका गावाला लगेच दुसरी योजना देता येत नाही. पहिल्या टप्प्यात शहर."

"अन् टाकी कोन्या टप्प्यात?"

"पहिल्या."

इंदूबाईनं हे मनात दोनदा घोळवून पाहिलं. टाकी गावात, पाणी शहरात, आणि गाव पुढं शहरच होणार. यात गावाचं भलं आहे की नुकसान, हे तिला ठरवता येईना. तिनं घरकुलांचं सांगितलं. रश्मीच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला हे कोणी सांगितलं नव्हतं.

"ग्रामसभेचा ठराव लागेल," ती एवढंच म्हणाली. "घाई नाही."

बेबीताई परतताना म्हणाली, "तीस वर्सानं आपन असू का नसू. त्यायचा इच्चार आज कावून करा लागते?"

काही दिवसांनी अमरावतीला आराखडा समजावून सांगायची बैठक भरली. आसपासच्या आणि धरणाकडच्या गावांचे सरपंच बोलावले होते. इंदूबाई चांगलं लुगडं नेसून गेली. थंडगार हॉलमध्ये पडद्यावर रेघा उमटल्या. एक रेघ सरळ वर जात होती, एक वळण घेत, एक त्याहून उंच. या तीन रीतींनी तीन वेगळ्या लोकसंख्या निघतात, असं बोलणाऱ्या साहेबांनी सांगितलं. कोणीतरी विचारलं, मग खरी कोणती? साहेब म्हणाले, मधली धरली आहे. वरूडकडचे एक संत्रावाले उठले. आमच्या बोअरवेल आटल्या, झाडं वाळून राहिली, आणि तुम्ही धरणाचं पाणी आणखी शहराला नेता, मग आमचं काय? साहेबांनी सिंचनाचा वाटा वेगळा असल्याचं सांगितलं. संत्रावाले म्हणाले, तो कागदावर आहे. साहेब म्हणाले, कागदावरूनच पुढं जावं लागतं. दोघंही रागावलेले नव्हते, आणि इंदूबाईला दोघांचंही पटलं. तिला याचाच त्रास झाला.

शेवटी धीर करून तीही उठली.

"माहा एकच सवाल हाय. तीस वर्सानं आमचं गाव गाव राहीन का शहर होईन?"

एक साहेब म्हणाले, गाव राहील, पण महानगर क्षेत्रात. दुसरे म्हणाले, तोवर हद्दवाढ होऊन वॉर्ड झालेला असेल. तिसऱ्यांनी सांगितलं की तो विषय वेगळ्या खात्याचा आहे. मग जेवणाची वेळ झाली. जेवताना शेजारच्या गावच्या सरपंचाला, उत्तमरावाला, तिनं विचारलं, तुमाले काय समजलं. उत्तमराव पुरी मोडत म्हणाला, "आपल्याले समजून काय करा लागते? टाकी मांगून घ्यायची. टाकी आली का रस्ता येते, रस्ता आला का भाव येते." इंदूबाईला वाटलं, याचं डोकं माझ्याहून साफ आहे. मग वाटलं, हा माणूस आपल्या गावच्या जमिनी विकूनच मोकळा होईल. दोन्ही विचार एकाच वेळी डोक्यात राहिले.

त्या रात्री परतायचं नव्हतं. संघपाल अमरावतीला कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायचा आणि शहराच्या टोकाला नव्यानं झालेल्या वस्तीत त्याचा फ्लॅट होता. सून भावना खासगी दवाखान्यात नर्स. इंदूबाई पोचली तेव्हा इमारतीखाली टँकर उभा होता आणि बाया-पुरुष पाइपाभोवती गोळा झाले होते. भावना ड्युटीवरून आली होती, पांढऱ्या पोशाखातच, आणि एका हातात बादली, दुसऱ्या हातात कॅन घेऊन जिना चढत होती.

"आत्या, तुमी वर जा. मी आणतो," ती धापा टाकत म्हणाली. सासूला आत्या म्हणायची आणि मुलासारखं 'आणतो' म्हणायची तिची माहेरची सवय होती.

इंदूबाईनं तिच्या हातातली कॅन घेतली. जिन्यात तिला आठवलं, माहेरी आईही अशीच दुसऱ्या गावाहून गोड पाणी आणायची. शिकलेली सून, पक्का फ्लॅट, आणि पाणी मात्र डोक्यावरून नाही तर हातातून, एवढाच फरक. रात्री जेवताना संघपाल म्हणाला, "आई, ती टाकी झाली तर आमच्या वस्तीले रोज पानी येईन. नकाशा मी पायला. टाकीची लाइन आमच्याच रोडवरून जाते. तू ठराव करून दे."

"अन् पार्बतामायचं घरकुल?"

पार्बताबाई संघपाललाही माहीत होती. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बायांपैकी एक, मजुरीवर जगलेली, दुसऱ्याच्या गोठ्याला टेकून पत्र्याची खोली बांधून राहणारी. तो लहान असताना आई खिचडी शिजवायला जायची, तेव्हा तो त्याच खोलीत राहायचा.

"दुसरी जागा नाई का?" त्यानं विचारलं.

"दुसरी जागा रायती तर मी इतके चकरे कावून मारले असते?"

दुसऱ्या दिवशी ऑटोत बसेपर्यंत इंदूबाईचं मत टाकीच्या बाजूनं होतं. भावनाचा जिना डोळ्यांसमोरून हलत नव्हता. गावात उतरली, पार्बताबाईच्या खोलीवरून गेली, आणि मत फिरलं. घरी देवरावाला तिनं सगळं सांगितलं. तो दोर वळत ऐकत होता.

"तुले काय वाट्टे?" तिनं विचारलं.

"मले तं दोन्ही बराबर वाट्टे," तो म्हणाला. त्यानं मदत केली नाही, पण तो खोटंही बोलला नव्हता.

ग्रामसभेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात कधी नव्हे एवढी माणसं आली. इंदूबाईनं मनाशी धरून ठेवलं होतं की मळेवाले टाकीच्या बाजूनं बोलतील, कारण त्यांच्या जमिनींना भाव येईल, आणि भूमिहीन विरोधात. झालं उलटंच. बेबीताईचा नवरा गोवर्धन उठला आणि म्हणाला, टाकी नको. शहर इथवर आलं की मळ्याला बिनशेती करायला लावतील, घरपट्टी वाढेल, आणि शहराला भाजी कोण देईल? त्याच्यामागं दोघं-तिघं बोलले. मग घरकुलाच्या यादीतला एक गडी उठला आणि म्हणाला, टाकी पाहिजे, कारण टाकीवर राखणदार लागतो, बांधकामावर मजूर लागतात, घरकुल काय, आणखी पाच वर्सं थांबू. त्याच्या शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली, "तू थांब. मी नाई थांबत." लोक हसले. इंदूबाई हसली नाही. ज्यांच्यासाठी ती भांडत होती त्यांच्यातच फूट होती.

पार्बताबाईला तिनं मुद्दाम विचारलं. म्हातारी बसूनच बोलली.

"पोरी, मले घर पाह्यजे. पन बिनपान्याचं घर घेऊन मी काय करू? अन् पानी आलं अन् घर नसलं तं भरू कशात? मले काही समजत नाई. तू ठरोव."

सगळ्यांच्या माना इंदूबाईकडं वळल्या. तिला त्या क्षणी उठून घरी जावंसं वाटलं. ठरवायची वेळ आली की ठरवणारं दुसरं कोणीतरी असेल, असं आयुष्यभर तिला वाटत आलं होतं. वडील, देवराव, मुख्याध्यापक, साहेब. आता तिच्या पुढं रांगेत कोणी नव्हतं.

रश्मी मागं खुर्चीवर बसली होती. इंदूबाईनं तिला पुढं बोलावून विचारलं, "टाकी माथ्यावरच कावून? खालतच्या कोपऱ्यात बसवली तं माथा घरकुलाले राहीन."

"उंची कमी पडते, ताई. टाकी खाली गेली की लांबच्या घरांत पाणी चढत नाही."

हे समजण्यासारखं होतं. भावनाचा जिना इंदूबाईला आठवला. ती निमूट खाली बसायला लागली. रश्मीनं हातातला पेन टोपणात घातला, काढला, आणि एकदम इंजिनीअरची भाषा सोडून बोलली. ती अकोल्याची होती, हे तेव्हा लोकांना कळलं.

"थांबा. टाकीचे पाय उंच केले तं चालन. कोपऱ्यात बसवून खांब वाढवाचे. खर्च वाढते, म्हनून मले वर विचारा लागन. अकोल्याले आमच्या घरी नळ कवा येईन याचा नेम नसे. बाबा ड्रम भरून ठेवत, अन् त्या ड्रमाईपायी आमाले झोपाले जागा नव्हती. पान्यापायी घराची जागा जाणं मले ठाऊक हाय. मी विचारतो."

ठराव असा झाला: टाकी माळाच्या खालच्या कोपऱ्यात, माथा घरकुलांना. बेबीताईनं हात वर केला. गोवर्धननं नाही केला, पण तो उठूनही गेला नाही. इंदूबाईनं सही केली तेव्हा तिला हलकं वाटायला हवं होतं. ती रात्रभर विचार करत होती की कोपऱ्यावर मिरच्या वाळत घालणाऱ्या बायांना आपण विचारलंच नाही.

मग बरेच महिने काही झालं नाही. पावसाळा गेला, कापूस वेचून झाला. काठी कोणीतरी उपटून नेली. रश्मीला फोन केला की ती म्हणायची, फाइल वर आहे. घरकुलांची मंजुरीही वरच होती. गावातले लोक विचारत, काय झालं, आणि इंदूबाई सांगे, वर हाय. हे उत्तर देताना आपण साहेबांसारखे बोलतो आहोत, असं तिला वाटायचं.

थंडीत रश्मी स्वतः आली. सरळ घरी आली, गाडी रस्त्यावर ठेवून. इंदूबाईनं तिला पाणी दिलं, चहा टाकला. देवराव बाजेवरून उठून बाहेर निघाला, मग दारातच थांबला.

"ताई, आराखडा बदलला," रश्मी म्हणाली. "मधल्या रेघेऐवजी खालची रेघ धरली. म्हणजे लोक कमी वाढतील असं मानलं. पोरं पुण्याला जातात, असं कोणीतरी दाखवून दिलं. त्यामुळं या बाजूची टाकी पहिल्या टप्प्यातून गेली. उत्तमरावांच्या गावाला आधीच एक टाकी होती, तीच वाढवणार."

"म्हंजे टाकी येत नाई."

"आत्ता नाही. नंतर येऊ शकते."

"मंग माळ मोकळा झाला."

रश्मीनं कप खाली ठेवला. "नाही. नकाशावर तो राखीवच आहे. पुढं लागली तर जागा असावी म्हणून."

टाकी नाही. पाणी नाही. संघपालच्या वस्तीत टँकरच. आणि माळ टाकीसाठी राखीव. इंदूबाईनं ही गोष्ट सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली, जशी बाजारात वांगी फिरवून पाहतात, पण कुठली बाजू धड सापडेना.

"रश्मीबाई, तुमी शिकेल हा. मले सांगा, हे असं कावून?"

"मलापण नाही समजत," रश्मी म्हणाली. "मी तुमच्या ठरावाचं पत्र दोनदा जोडलं. कोणी नाही म्हणालं नाही. कोणी हो पण म्हणालं नाही. तीस वर्षांनंतर किती माणसं असतील, हे खरं तर कोणालाच माहीत नाही. आम्ही मोजतो, कारण न मोजता पाइप किती जाड टाकायचा ते कळत नाही. पण मोजलं म्हणून माहीत झालं असं नाही."

"राखीव म्हंजे पक्कं का?"

"मसुदा आहे. हरकती मागवल्या आहेत. अंतिम होईपर्यंत पक्कं नाही."

"अंतिम कवा होईन?"

"तारीख लागलेली नाही," रश्मी उठत म्हणाली.

ती गेल्यावर देवराव आत आला. इंदूबाई चुलीपुढं बसून होती. गॅस असला तरी विचार करायचा असला की ती चुलीपुढंच बसे.

"हरकत लिहून दे," तो म्हणाला. त्यानं स्वतःहून सल्ला दिल्याचं तिला आठवत नव्हतं.

हरकत तिनं लिहिली. संघपालनं भाषा नीट केली. खरं तर त्याचं मन टाकीकडं होतं, पण टाकी इथं येत नसेल तर माळ तरी द्या, हे त्यालाही पटलं. त्यानंतर ती पंचायत समितीत गेली आणि गटविकास अधिकाऱ्यांना विचारलं, घरकुलं बांधू नका असं पत्र तुमच्याकडं आहे का? त्यांनी शोधायला लावलं. नव्हतं. मग बांधा म्हणणारं पत्र? तेही नव्हतं, पण मंजुरीचा जुना प्रस्ताव होता, तेवढ्यावर त्यांनी सही केली. सही करताना ते म्हणाले, "पुढं काही झालं तर माझं नाव नका घेऊ." इंदूबाईला कळलं नाही की हा माणूस भित्रा आहे की चांगला. दोन्ही असू शकतो, असं तिनं ठरवलं.

माघ पौर्णिमेच्या सुमारास माळाच्या माथ्यावर चुन्याच्या रेघा पडल्या. खालचा कोपरा इंदूबाईनं मोकळा ठेवायला सांगितला. गोवर्धन रेघा पाहायला आला आणि म्हणाला, "टाकी तं येत नाई म्हनता, मंग कोपरा कावून सोडला?" तिनं सांगितलं, आली तर असावा. तो म्हणाला, "तूबी त्या साहेबावानी बोलाले लागली." तिला वाईट वाटलं, पण तिनं कोपरा सोडलाच. भावनाच्या जिन्यात चढणारं पाणी आज ना उद्या कुठून तरी येणार असेल, तर त्याला जागा नाकारायची तिची छाती झाली नाही.

पहिला पाया पार्बताबाईचा. गवंडी सूत धरून उभा होता. म्हातारी काठी टेकत आली, रेघेच्या आत उभी राहिली आणि चारही दिशांना पाहिलं.

"इंदू, मोरी कोन्या बाजूनं ठेवू? नळ कुठून येईन?"

इंदूबाईनं वलगावच्या रस्त्याकडं पाहिलं, मग शहराकडं. नव्या इमारतींची टोकं इथून दिसत होती. विहिरीची योजना खालून येत होती. धरणाची पाइपलाइन आली तर उगवतीकडून येईल. न आली तर काही सांगता येत नव्हतं.

"मले मालूम नाई, पार्बतामाय," ती म्हणाली.

गवंड्यानं सूत धरून हात अवघडल्याचं सांगितलं. पार्बताबाईनं थोडा विचार केला, विहिरीच्या बाजूला काठीनं खूण केली आणि म्हणाली, "इथी ठेव. दुसरीकून आला तं भिंतीले भोक पाडू." गवंड्यानं सूत ओढलं. इंदूबाई पुढच्या रेघेकडं वळली. तिथं ती ग्रामसभेतली नवरा-बायको अजून भांडत होती, दार कुठं असावं यावरून.